फोन बाजूला ठेवल्यावर मन कशात रमवता? तुमचे स्वतःचे उद्योग सांगा

सांजवारा:

नोटिफिकेशन बंद करा, स्क्रीन टाइम मोजा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा हे सल्ले सगळीकडे मिळतात आणि ते बरोबरच आहेत, पण फोन बाजूला ठेवल्यावर पुढे करायचं काय यावर फारसं कुणी बोलत नाही. हात रिकामा झाला की पाच मिनिटांत परत तिकडेच जातो. म्हणून हा धागा काढलाय. वाचन, व्यायाम, बागकाम हे सगळं चांगलंच आहे, पण मला विचारायचंय ते वेगळं. स्वतः काहीतरी रचून स्वतःचीच करमणूक करणं, ज्यातून काही मिळवायचं नाही, कोर्स पुरा करायचा नाही, निव्वळ मजा, पण ती आपण तयार केलेली.

माझं मत असं की खरी अडचण पहिल्या दहा मिनिटांची आहे. स्वतः रचलेली कुठलीही करमणूक सुरुवातीला रटाळच वाटते, मन सारखं म्हणतं की हे काय करतोय आपण, आणि फोन मात्र पहिल्या सेकंदापासून काहीतरी हातात ठेवतो. त्यामुळे सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. ती दहा मिनिटं काढली की मग उठवत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत इतक्यांदा बघितलंय की आता त्यावर विश्वास बसलाय.

रिकामं बसणं माणसाला किती जड जातं बघा. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग २०१४ मध्ये छापून आले होते. एकात लोकांना १५ मिनिटं एकट्याने नुसतं विचार करत बसायला सांगितलं होतं, सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसणार. हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू असं आधी म्हणालेल्या लोकांमध्येसुद्धा १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी बसल्या बसल्या स्वतःला झटका दिला. लोक थोडेच होते, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही, पण मला ते वाचून फार ओळखीचं वाटलं. आणि आता तर खिशातच बटण आहे. पूर्वी पान संपायचं, पुढच्या पानासाठी क्लिक करावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं, त्याला स्वतःलाच पुढे त्याची खंत वाटली आणि त्याने ते जाहीरपणे सांगितलं.

आता माझा उद्योग सांगते. कागद पेन घ्यायचं आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार काही न वापरता गोष्ट लिहायची. जोडाक्षर नाही, अनुस्वारही नाही. नमुना देते:

ढग सरकत. पवन पळत. गवत डगमगत, बदक गप बघत. मग गडगड, कडकड. बदक, पळ, घर जवळ कर!

एवढंसं दिसतंय पण याला चांगला वेळ लागतो. भूतकाळ जवळपास हातातून जातोच, कारण गेला, आली, होतं काहीच चालत नाही, मग उरतं काय, तर आत्ता चाललेलं किंवा कुणाला तरी दिलेली आज्ञा. त्यामुळे गोष्ट आपोआप धावती होते. मी ठरवून तशी करत नाही, नियमच तसं करायला लावतो आणि मला सगळ्यात जास्त मजा त्याचीच वाटते. तुम्ही काय करता? छोटं असलं तरी सांगा, कसं करता ते मात्र सविस्तर सांगा.

उलटसुलट:

वा! वाचल्या वाचल्या बसलोच. एक शंका, अनुस्वार का नको? तो घेतला की नपुंसकलिंगी भूतकाळ पूर्ण मोकळा होतो की हो! बघा:

बदक दचकलं, गवत हललं, मग सगळं तळं गप बसलं.

आणि एक स्वतःचं:

मन जड, नजर वर. सगळं घर गप. घटकभर बस, मग बघ, मन सहज हलकं!

सांजवारा:

उलटसुलट, "सगळं तळं गप बसलं" हे फारच सुंदर आहे. अनुस्वार मंजूर. म्हणजे आता गोष्टीत नपुंसकलिंगी पात्रंच घ्यावी लागणार, बदक आहे, मन आहे, घर आहे, गवत आहे, जग आहे. ससा आणि मांजर मात्र बाहेर.

गणितवेडा:

छान धागा. माझा उद्योग दोघांचा आहे पण एकट्यानेही करतो, दोन्ही बाजूंनी खेळायचं. खेळाचं नाव स्प्राउट्स, म्हणजे कोंब. १९६७ मध्ये केंब्रिजला जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटरसन या दोघांनी कागदावर रेघोट्या मारता मारता शोधला.

कागदावर दोन-तीन ठिपके काढा. आपली पाळी आली की कुठलेही दोन ठिपके रेघेने जोडायचे आणि त्या नव्या रेघेवर मध्ये कुठेतरी एक नवा ठिपका द्यायचा. रेघ कशीही वाकडीतिकडी चालेल, फक्त दुसऱ्या रेघेला छेदायची नाही आणि मधल्या ठिपक्यावरून न्यायची नाही. एका ठिपक्याला जास्तीत जास्त तीन रेघा, तीन झाल्या की तो मेला. ज्याला खेळी करता येत नाही तो हरला. बस, एवढेच नियम.

आता बघा, पहिल्यांदा वाटतं की नवे ठिपके येतच राहणार, हा खेळ संपणार कसा? पण संपतोच. प्रत्येक ठिपक्याला सुरुवातीला तीन जीव धरा. एका खेळीत दोन जीव जातात (रेघेची दोन टोकं) आणि नवा ठिपका येतो तो दोन रेघा घेऊनच येतो, म्हणजे त्याचा एकच जीव शिल्लक. दोन गेले, एक आला, दर खेळीला एक जीव कमी. तीन ठिपक्यांनी सुरुवात केली तर एकूण नऊ जीव, आणि शेवटच्या खेळीत आलेल्या ठिपक्याचा एक जीव उरतोच, म्हणून जास्तीत जास्त आठ खेळ्या. हे मी पुस्तकात वाचण्याआधी पेन्सिलने ठिपके गिरवता गिरवता माझं मला सापडलं होतं आणि तो आनंद अजून आठवतो. दोन ठिपक्यांच्या डावात दुसरा नीट खेळला तर दुसराच जिंकतो, तीन ठिपक्यांत पहिला. का, ते सांगत नाही, शोधा.

सांजवारांचं दहा मिनिटांचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं. पहिले एक-दोन डाव पोरकट वाटतात. मग कुणीतरी एक रेघ अशी काही फिरवतं की एक जिवंत ठिपका कोंडला जातो, त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नाही, आणि तिथून खरा खेळ सुरू होतो.

रोखठोक:

सगळं छान आहे पण एक स्पष्ट बोलू का. दिवसभर काम करून आलेल्या माणसात कोडी रचायची ताकद उरते का? मी संध्याकाळी फोन घेऊन पडतो कारण डोकं चालवायचं नसतं. त्याला आराम म्हणतात. प्रत्येक रिकाम्या वेळेत काहीतरी निर्मिती करायलाच पाहिजे हा पण एक ताणच आहे.

सांजवारा:

रोखठोक, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. दमलेल्या माणसाला झोप हवी, गप्पा हव्यात, नुसतं पडून राहायला हवं. पण मला विचारायचंय की तासभर फोन बघून उठल्यावर तुम्हाला आराम मिळाल्यासारखं वाटतं का? मला नाही वाटत. पुढचा व्हिडिओ चांगला निघेल की टुकार याचा पत्ता नसतो, आणि नेमकं तेच माणसाला धरून ठेवतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर हेच दाखवलं होतं, दाणा कितव्या वेळी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी कळ दाबणं सोडतच नाही. त्याला आराम कसं म्हणायचं?

आणि दमलेल्या वेळी नवं काही सुरू करायचंच नाही, अर्धवट ठेवलेलं पुढे न्यायचं. माझा कागद टेबलावर उघडाच असतो, वाक्य मध्येच सोडलेलं. सुरुवात करावी लागत नाही, त्यामुळे ती दहा मिनिटं बरीच आखडतात. कधी एकच शब्द सापडतो आणि मी झोपायला जाते. तेही चालतं.

कोरापान:

रोखठोक यांना माझ्याकडून पण, नुसत्या रेघोट्या मारा. खरंच सांगतेय. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांचा २००९ चा प्रयोग आहे, कंटाळवाणा फोन मेसेज ऐकताना ज्यांना कागदावरचे आकार रंगवत बसायला सांगितलं त्यांना मेसेजमधलं २९ टक्के जास्त आठवलं. म्हणजे हात हलता ठेवला म्हणून डोक्याला शीण होतो असं नाही, उलट मन भरकटत नाही.

माझा उद्योग फ्लिपबुकचा आहे. चिकट कागदाच्या पॅडच्या कोपऱ्यात छोटी छोटी चित्रं काढायची आणि अंगठ्याने भराभर सोडायची की ती हलतात. याचं पेटंट १८६८ मध्ये जॉन लिनेट नावाच्या इंग्रज माणसाने घेतलं होतं, सिनेमा यायच्या कितीतरी आधी.

करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: पहिल्या पानापासून सुरू करू नका, शेवटच्या पानापासून करा. म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून पुसट दिसतं आणि त्याच्यावरून पुढचं किंचित सरकवून काढता येतं. पॅड पातळ कागदाचं घ्या. आणि चेंडू उसळताना दाखवायचा असेल तर सगळीकडे सारखं अंतर ठेवायचं नाही. वर पोचताना चित्रं एकमेकांजवळ, जमिनीजवळ येताना लांब लांब. सारख्या अंतराने काढलं की तो चेंडू दोरीने ओढल्यासारखा दिसतो, असं काढलं की त्याला वजन येतं. जमिनीला टेकतो त्या एका पानावर थोडा चपटा करा, बघा काय होतं ते! सेकंदाला साधारण बारा पानं सुटली तर डोळ्याला ते सलग वाटतं, म्हणजे साठ पानांच्या पॅडमध्ये पाचच सेकंदांची गोष्ट. त्या पाच सेकंदांसाठी कित्येक संध्याकाळी जातात आणि मला त्यात काही वाया गेलंय असं कधीच वाटलं नाही.

निशाचर:

थोडा वेगळा सूर लावतो. इथे फोन म्हणजे शत्रू असं गृहीत धरलं जातंय. माझी सगळी करमणूक फोनवरच होते आणि ती मी स्वतः रचतो. रेकॉर्डर सुरू करायचा, घरातले आवाज टिपायचे: दाराची कडी, नळाची गळती, कागद फाडल्याचा, मिक्सर बंद होताना खाली खाली येणारा सूर. मग साध्या फुकट ॲपमध्ये ते कापायचे, उलटे लावायचे, एकाच आवाजाची पुन्हा पुन्हा फेरी करायची आणि त्यातून ताल काढायचा. गळक्या नळाच्या आठ ठोक्यांतला एक गाळला तर सातचा ताल होतो. पिअर शेफर नावाच्या फ्रेंच रेडिओ इंजिनिअरने १९४८ मध्ये रेल्वेचे आवाज असेच जोडून रचना केली होती, तेव्हा तर त्याला तबकड्यांवर हे सगळं करावं लागलं. मला तेच खिशातल्या यंत्रावर करता येतंय. मग स्क्रीन वाईट कसा? पुढचा क्षण यंत्र ठरवतंय की मी ठरवतोय, एवढाच प्रश्न विचारायला पाहिजे.

सांजवारा:

निशाचर, पटलं, आणि तुमचं शेवटचं वाक्य माझ्यापेक्षा नेमकं आहे. फक्त एक विचारते, तेवढ्यात वरून मेसेज टपकला तर?

निशाचर:

फ्लाइट मोड. त्याशिवाय मी सुरूच करत नाही. ते केलं नाही तर नळाचा ताल सोडून कधी कुणाच्या स्टेटसवर पोचलो ते कळत नाही, हे मान्यच आहे.

दोनचिमण्या:

घरात दोन मुलं आहेत, सात आणि दहा वर्षांची, त्यामुळे हा विषय रोजचाच. आम्ही खोलीचाच कॅमेरा केला ते सांगते. भर उन्हाची वेळ निवडायची. खिडकीला पूर्ण पुठ्ठा लावायचा, फटी कपड्याने आणि चिकटपट्टीने बुजवायच्या, अगदी दाराखालची सुद्धा. पुठ्ठ्यात पेन्सिल जाईल एवढं एक गोल भोक. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर. बस.

दिवा बंद केला आणि दोघं एकदम ओरडले, काहीच दिसत नाही! धाकटीने तर लगेच टॅब मागितला. मी म्हटलं, थांबा जरा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. त्याला वेळ लागतोच, डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, बऱ्यापैकी दिसायला पाच-दहा मिनिटं तरी. आम्ही कुजबुजत बसलो. मग थोरला म्हणाला, आई, चादरीवर हिरवं काहीतरी हलतंय. ते बाहेरचं झाड होतं, उलटं, फांद्या खाली आणि खोड वर. मग आकाश दिसलं जमिनीजवळ, मग रस्ता छतावर, आणि त्यावरून एक माणूस डोकं खाली करून चालत गेला, रंगांसकट. दोघांनी श्वास रोखून धरला होता. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून झाडाच्या शेंड्याकडचा किरण भोकातून खाली उतरतो, हे मग त्यांनीच दोरा धरून शोधलं. इब्न अल हैथम या अरब शास्त्रज्ञाने अकराव्या शतकातच अंधाऱ्या खोलीतला हा प्रकाश अभ्यासला होता, ते नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर तो अभ्यास झाला असता.

आता ते चादरीवर मोठा कागद लावून ते उलटं झाड पेन्सिलने गिरवतात, मग कागद फिरवून सरळ करतात. भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं पण अंधुक, मोठं केलं की उजळ पण धूसर. कुठलं बरं यावर त्यांची जोरदार भांडणं चालू आहेत आणि मी मध्ये पडत नाहीये.

गणितवेडा:

दोनचिमण्या, फार भारी! सांजवारांची दहा मिनिटं इथे चक्क डोळ्याच्या आतच आहेत.

मृदगंध:

मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून लिहावंसं वाटलं. आजारी माणसाजवळ रात्री बसायचे दिवस होते, दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही, फोनचा उजेडही नको. कागद नाही, काही नाही. तेव्हा मी बाहेर जाणाऱ्या पावलांची माणसं करायला लागले. पाऊल ऐकायचं आणि ठरवायचं की हा कोण. एक पाय घासत जाणारा, त्याला मी एक धाकटा भाऊ दिला आणि दोघांत अबोला ठेवला. टाचा वाजवत येणारी बाई, ती दर वेळी एका जागी थांबायची, मग मी तिच्यासाठी एक पत्र तयार केलं जे तिला द्यायचंय पण देता येत नाहीये. परत तेच पाऊल आलं की गोष्ट पुढे. नियम एकच, आदल्या रात्री ठरलेलं बदलायचं नाही. त्यामुळे कधी कधी माझीच पात्रं अडचणीत यायची आणि मला रात्रभर त्यांना सोडवत बसावं लागायचं. ते दिवस कठीण होते पण त्या गोष्टींनी मला सांभाळलं, हे अगदी मनापासून सांगते.

मी त्या अजून कुणाला सांगितलेल्या नाहीत, लिहून टाक असं म्हणतात लोक, पण मला नाही टाकायच्या.

कोरापान:

मृदगंध, नका टाकू. तुमचं अगदी बरोबर आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग इथे आठवतो. बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत की प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालंही. पण नंतर वर्गात मोकळा वेळ दिल्यावर त्याच मुलांनी रंगीत पेनांना कमी हात लावला, ज्यांना काही कबूल केलेलं नव्हतं ती मात्र आधीसारखीच काढत राहिली. लाइक हे मला त्या प्रशस्तिपत्रकासारखंच वाटतं. फ्लिपबुकचा व्हिडिओ टाकायचा म्हटलं की मी चेंडू सोडून लोकांना काय आवडेल ते काढायला लागणार. म्हणून माझी पॅडं खणातच असतात.

निशाचर:

याच्याशी पूर्ण सहमत नाही. एका मित्राला माझे ताल पाठवतो, तो त्यावर दुसरा थर चढवून परत पाठवतो, त्यात आमची दोघांची मजा वाढतेच. खेळगडी असणं आणि प्रेक्षक असणं यात फरक आहे ना.

कोरापान:

हो, खेळगडी असेल तर गोष्ट वेगळी. मान्य.

रोखठोक:

काल रात्री मुलीबरोबर ते ठिपके खेळलो. फोन चार्जिंगला होता. दोन ठिपक्यांच्या डावात ती दर वेळी दुसरी खेळायला मागते आणि जिंकते, तिला कुणी सांगितलेलं नाही. गणितवेडा, एक विचारायचंय. ती म्हणते रेघ एका ठिपक्यावरून काढून वळसा घालून त्याच ठिपक्यावर परत आणली तर चालते. चालते का?

गणितवेडा:

चालते, मुलगी बरोबर आहे! पण रेघेची दोन्ही टोकं त्याच ठिपक्यावर आली म्हणून त्याचे दोन जीव एकदम जातात, आणि नवा ठिपका त्या वळशावरच द्यायचा. त्याचा मोठा उपयोग कोंडी करायला होतो, वळशाच्या आत एखादा जिवंत ठिपका घेतला की बाहेरच्यांचा त्याच्याशी संबंध तुटला. तिला आता चार ठिपके द्या आणि पहिली खेळी करू द्या. आणि डाव संपल्यावर कागद टाकू नका, कुठल्या खेळीला पारडं फिरलं ते बोटाने मागे जात शोधायला तिला आवडेल.

उलटसुलट:

सांजवारा, आज फक्त काना चालेल असा नियम लावून बघतोय. वेलांटी, मात्रा, उकार बंद. ससा परत आत आला! "ससा आला. ससा घाबरला. बदकाला हाक मारत मारत तळ्याला" इथे अडलोय, तळ्याला मध्ये जोडाक्षर येतंय. कुणी सोडवता का?

सांजवारा:

तळं सोडा, ओढा पण नाही जमणार. "बदकाला हाक मारत मारत गवतात लपला" करा.